वाचनालयातलं ‘आवर्जून वाचा’ कपाट: कथेतर पुस्तकं कुठल्या निकषावर ठेवावीत?

पानकिडा (धागाकर्ता)
दारातून आत शिरलं की वाचनालयात समोरच एक छोटं कपाट असतं, ‘आवर्जून वाचा’ अशी पाटी लावलेलं. कादंबऱ्यांचं एक वेळ ठीक, ज्याची त्याची आवड. पण कथेतर पुस्तकांत तिथे हमखास काय दिसतं? पहाटे उठा, सवयी बदला, श्रीमंत व्हा. ही पुस्तकं वाचनालयात नसावीत असं मी म्हणत नाही. आतल्या रांगेत खुशाल असू द्या. दर्शनी कपाटात पुस्तक ठेवणं म्हणजे वाचनालयाने स्वतःचा शब्द खर्ची घालणं.

माझा निकष साधा आहे. पुस्तक मागून उघडायचं. संदर्भ दिलेत का, सूची आहे का, लेखकाला हे कुठून कळलं ते सांगितलंय का? मग साल बघायचं. १९५६ पूर्वीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत माणसाची गुणसूत्रं ४८ सापडतात. ती ४६ असल्याचं त्या वर्षी प्रसिद्ध झालं. २००६ आधीच्या खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ग्रह नऊ. अशी पुस्तकं काही न सांगता पुढे करायची आणि वाचकाने मुकाट घरी न्यायची, हे बरं नव्हे.

उंबरठा
साफ असहमत. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. त्यात ‘संदर्भसूची असेल तरच’ असं शेपूट नाही. नोकरी गेलेला, हातपाय गळालेला माणूस सवयींचं पुस्तक शोधत येतो, तेव्हा त्याला तळटीपा मोजायला लावणार का? त्या पुस्तकासाठी आत आलेलाच पुढे इतिहासाच्या कपाटाकडे वळतो. पहिली पायरीच काढून टाकलीत तर तो वर येणार कुठून?

पानकिडा
@उंबरठा, मागितलं तर द्याच की. मी न मागता पुढे करण्याबद्दल बोलतोय.

दशांश
दोघांच्याही बोलण्यात एक गृहीतक डोकावतंय, की कथेतर म्हणजे खरं. वाचनालयात पुस्तकांना क्रमांक देणारी ड्युईची दशांश पद्धत १८७६ ची, आणि ती पुस्तकं लावते विषयावरून. १५८ वर स्वयंविकास. त्याच मानसशास्त्राच्या शेजारी १३३ वर भुतंखेतं आणि फलज्योतिष. लोककथा ३९८.२ वर, म्हणजे समाजशास्त्रांच्या घरात. क्रमांक विषय सांगतो, खऱ्याखोट्याची हमी देत नाही. ते काम कुणीतरी माणसाने करायचं असतं. म्हणून मला यादीपेक्षा पुस्तकात खोचलेली चार ओळींची चिठ्ठी महत्त्वाची वाटते: पुस्तक कुणासाठी, कितव्या सालचं, आणि त्यातलं आता काय मोडीत निघालंय.

जुनं_खोड
चिठ्ठीला +१. पण सालाचा बागुलबुवा नको. फॅरेडेने मुलांसाठी मेणबत्तीवर दिलेली व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली. मेणबत्ती विझवायची, वातीतून निघणाऱ्या धुराच्या रेघेला पेटती काडी लावायची. ज्योत त्या रेघेवरून उडी मारून पुन्हा वातीवर येते. जळते ती मेणाची वाफ, हे तिथल्या तिथे दिसतं. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असं तो म्हणत नाही, करून दाखवतो. संदर्भसूची नाही म्हणून हे बाद करणार?

खरी भानगड साल नव्हे, आवृत्ती. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ चा. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आक्षेपांना उत्तरं देणारं एक अख्खं प्रकरण वाढलं. नव्या वाचकाला पहिलीच द्यावी, तिच्यात युक्तिवाद सरळ चालतो. बाजारातली पुनर्मुद्रणं मात्र बरेचदा सहावीची असतात आणि मुखपृष्ठावर त्याचा पत्ता नसतो.

उंबरठा
आणि अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचं काय करायचं? तिच्या मागे कुठली सूची?

दशांश
तिथे तर चिठ्ठी हवीच. ती डायरी पुढेमागे छापता येईल या विचाराने १९४४ मध्ये तिने स्वतःच बरीच पानं पुन्हा लिहिली, आणि १९४७ ची छापील प्रत वडिलांनी दोन्ही मसुदे एकत्र करून, काही भाग वगळून तयार केली. मजकुराचं मोल याने तसूभरही कमी होत नाही. पण ‘रोजच्या रोज लिहिलेलं जसंच्या तसं’ असं समजून कुणी वाचू नये.

उंबरठा
बरं, चिठ्ठी मान्य. लिहिणार कोण? ग्रंथपालाने शेकडो पुस्तकं वाचावीत, की एका माणसाच्या आवडीनिवडी सगळ्या वाचकांच्या डोक्यावर बसवायच्या? वाचकांनाही लिहू द्या. आणि मग सवयींच्या पुस्तकालाही चिठ्ठी लावून ते त्याच कपाटात ठेवा.

पानकिडा
त्या चिठ्ठीवर खरं लिहायची तयारी आहे का? इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, या कल्पनेवर किती पुस्तकं उभी आहेत. २०१६ मध्ये वीसेक प्रयोगशाळांनी मिळून ती कल्पना तपासणारा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. हे लिहा, मग ठेवा समोर. माझी हरकत नाही.

उंबरठा
लिहू की. वाचणारा तरीही नेईल, बघा तुम्ही.