पर्ल हार्बर: जपानचं डोकं फिरलं होतं की हिशेब पक्का होता?

दर्यावर्दी
डिसेंबर १९४१मध्ये जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी आरमारी तळावर अचानक हल्ला केला. त्याचा विषय निघाला की 'जपान्यांना अवदसा आठवली' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. १९४१च्या उन्हाळ्यात टोकियोत बसून बघा. जुलैत जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनामच्या बाजूला) घुसलं, अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टपासून तेल बंद केलं. जपानचं सुमारे ८० टक्के तेल तिथूनच यायचं. साठा फार तर दोन वर्षांचा, लढाई पेटली तर त्याहून कमी. तेल होतं डच ईस्ट इंडीजमध्ये (आजचा इंडोनेशिया), आणि त्या वाटेवर फिलिपिन्समध्ये अमेरिका बसलेली. त्यात जुलै १९४०मध्येच अमेरिकी काँग्रेसने आरमार ७० टक्क्यांनी वाढवायचा कायदा केलेला. १९४१ संपताना पॅसिफिकमध्ये जपानची मोठी विमानवाहू जहाजं ६, अमेरिकेची ३. ही संधी पुन्हा येणार नव्हती. आत्ता मारा, नाहीतर कायमचे गप्प बसा. यात वेडेपणा कुठे आहे?

ताळेबंद
'गप्प बसा' हा पर्याय तुम्ही एका फटक्यात निकालात काढलात, गोम तिथेच आहे. अमेरिका टोकियो मागत नव्हती. मुख्य मागणी चीन आणि इंडोचायनातून माघारीची होती. १९३७पासून चीनमध्ये इतकी माणसं गमावल्यावर परत कोणत्या तोंडाने फिरायचं, ही लष्कराची अडचण. तिला डावपेच कसं म्हणायचं?

आणि हिशेब झालेला होता हो! त्याच उन्हाळ्यात सरकारच्याच एका संस्थेत तरुण अधिकाऱ्यांनी युद्धाची मांडणी करून पाहिली. निष्कर्ष: पराभव. लष्करमंत्री तोजोने १९०४-०५मध्ये रशियाशी झालेल्या युद्धाचा दाखला देत तो बाजूला सारला. पोलादात अमेरिका जपानच्या दहापट, हे काय गुपित होतं?

लंगर
मग तोजोचा दाखला चुकीचा होता का? ८ फेब्रुवारी १९०४च्या रात्री जपानी टॉर्पेडो नौका पोर्ट आर्थर या रशियाच्या आरमारी तळावर तुटून पडल्या, युद्धाची घोषणा १० तारखेला. पुढच्या वर्षी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियन आरमार बुडालं आणि झार तहाला आला. दुबळ्याने बलाढ्याला समुद्रात लोळवलं, हे घडलेलं आहे. आपल्याकडे लाल महाल झालाच की.

ताळेबंद
त्या रात्रीत नेमकं काय साधलं ते बघा. ३ जहाजांना मार बसला, कायमचं एकही गेलं नाही. पोर्ट आर्थर पडलं ते जानेवारी १९०५मध्ये, जमिनीवरून महिनोन्महिने वेढा घालून, हजारो जपानी सैनिकांच्या जिवावर. रशियाची रसद एकेरी रुळाच्या सैबेरियन रेल्वेवरून येत होती आणि घरात क्रांती पेटली होती. जपानचीही तिजोरी रिकामी झालेली. कर्ज उभं केलं लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये, तह घडवून आणला तेव्हाचा अमेरिकी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने. म्हणजे १९०५ला ज्या अमेरिकेने पैसा दिला आणि मध्यस्थी केली, १९४१ला तिच्याच तोंडात मारली. आता तह कोण घडवणार होतं?

लाल महालाचं म्हणाल, तर १६६३नंतर १६६५ही येतं. मिर्झा राजे जयसिंग आले आणि पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले. महाराजांनी ते दिले आणि पुढे परत मिळवले. जपानी लष्कराला चीनमधून एक पाऊल मागे घ्यायला सांगून बघा.

डोलकाठी
दोघेही युद्ध करावं की नाही यावर भांडताय. माझा आक्षेप निशाण्यावर आहे. जपानची एकच आशा होती: अमेरिकी जनता लांबलचक युद्धाला कंटाळेल. ऑगस्ट १९४१मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवायचा ठराव प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ असा एका मताने तरला. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरमध्ये २,४०३ माणसं मेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात युद्धाच्या बाजूने ३८८, विरोधात १. ती आशा जपानने स्वतःच बुडवली. फक्त डच आणि ब्रिटिश मुलखावर गेले असते, तर १९४१चा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टला काँग्रेसला तयार करताना घाम फुटला असता. जपानी आरमाराचा सेनापती यामामोतोसुद्धा या युद्धाच्या विरोधात होता. पहिले सहा महिने ते वर्षभर धुमाकूळ घालीन, पुढचा भरवसा नाही, असं त्याने पंतप्रधान कोनोएला बजावलं होतं. सहा महिन्यांनी पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत जपानच्या चार विमानवाहू नौका तळाला गेल्या.

लंगर
पर्ल हार्बरवर गेलेल्या जपानी ताफ्याचा प्रमुख नागुमोने विमानांची तिसरी लाट पाठवली असती तर? तिथलं ४५ लाख पिंपं तेल आणि जहाजं दुरुस्त करायच्या सुक्या गोद्या तशाच राहिल्या.

ताळेबंद
तर युद्ध वर्षभर लांबलं असतं. गोदीत बांधायला घेतलेली एसेक्स वर्गाची अमेरिकी विमानवाहू जहाजं थांबली नसती.

दर्यावर्दी
डोलकाठी, फक्त डचांवर जायचं म्हणजे तेलाची जहाजं रोज फिलिपिन्सच्या नाकासमोरून न्यायची आणि अमेरिका बघत बसेल अशी प्रार्थना करायची. कोणता सेनापती ही जोखीम घेईल?

डोलकाठी
डिसेंबरात फिलिपिन्समध्ये अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं होती ३५. त्यांतली निम्मी पहिल्याच दिवशी तैवानमधून आलेल्या विमानांनी जमिनीवरच फोडली. अमेरिका उतरलीच असती तर हे तेव्हाही करता आलं असतं.

दर्यावर्दी
तेव्हा ती ३५ राहिली नसती, आणि जमिनीवर उभीही नसती. फिलिपिन्समधला अमेरिकी सेनापती मॅकआर्थर याची कुमक वाटेवरच होती. तुम्ही जपानला थांबायला सांगताय, आणि नेमका तेवढाच वेळ त्याच्याकडे नव्हता.