ट्रान्झिटला मराठीत काय म्हणायचं, संक्रमण की परिवहन?

चाळकरी: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एका बैठकीची सूचना लावायची होती. इंग्रजी पत्रकात रिजनल प्लॅनिंग, ट्रान्झिट, हाऊसिंग, सीनियर सपोर्ट असं सगळं एका दमात लिहिलेलं, कोणीतरी मोबाईलवर भाषांतर करून दिलं 'प्रादेशिक नियोजन : संक्रमण, गृहनिर्माण व ज्येष्ठांना आधार' आणि तेच फळ्यावर गेलं. संध्याकाळी दोन आजोबा विचारायला हजर, बिल्डिंग पाडून आम्हाला शिबिरात टाकताय का? एक काकू तर आधार कार्डाची झेरॉक्सच घेऊन आल्या. आता नीट कसं लिहू सांगा.

गिरगावकर: आजोबांचं काही चुकलं नाही हो. जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत राहणाऱ्याला ट्रान्झिट म्हणजे ट्रान्झिट कॅम्पच, कागदावर संक्रमण शिबिर. इमारत धोकादायक ठरली की म्हाडा तिकडे तात्पुरतं हलवते आणि हे 'तात्पुरतं' इतकं लांबतं की काहींची नातवंडं तिथेच शाळेत गेली. सायनच्या प्रतीक्षानगरात अशी शिबिरं आहेत, नाव तर बघा! शब्द म्हणून संक्रमण बरोबरच आहे म्हणा, एका जागेतून दुसऱ्या जागेत जाणं, मकरसंक्रमणातला सूर्य जातो तसं. फक्त सूर्य महिन्याभरात पुढच्या राशीत जातो, इथे तशी काही खात्री नाही.

लालपरी: बस-मेट्रो म्हणायचं असेल तर सरळ सार्वजनिक वाहतूक लिहा. परिवहन हा ऑफिसच्या पाटीवरचा शब्द, राज्य मार्ग परिवहन महामंडळ, प्रादेशिक परिवहन कार्यालय वगैरे, घरात कोणी म्हणत नाही की परिवहनाने आलो. पण नुसतं वाहतूक लिहू नका, लोकांना कोंडी आणि ट्रॅफिक पोलीस आठवतात.
आणि 'ज्येष्ठ' कोण ते पण लिहा, त्यात खरा घोळ आहे. केंद्राच्या २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ६० पूर्ण झाले की ज्येष्ठ. एसटीत मात्र अर्धं तिकीट ६५ नंतर, आणि फुकट प्रवास ७५ नंतर, तोही ऑगस्ट २०२२ पासून, त्याला नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. रेल्वेची सवलत पुरुषांना ६० ला आणि बायकांना ५८ ला होती, ती मार्च २०२० पासून बंदच. म्हणजे बासष्टीचे काका कायद्याने ज्येष्ठ आणि कंडक्टरपुढे तरुण.

आराखडा: नगररचनेच्या कागदांशी रोजचा संबंध आहे म्हणून थोडं लांबण लावतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत, प्रादेशिक योजना आणि विकास योजना. प्रादेशिक योजना अख्ख्या प्रदेशाची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशात ठाणे, कल्याण, वसई, पनवेल सगळं आलं, त्याची पहिली योजना १९७३ ची आणि दुसरी १९९९ ची. विकास योजना एकेका शहराची, तिलाच लोक विकास आराखडा किंवा डीपी म्हणतात. गावाकडे डीपी म्हटलं की विजेचा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे 'डीपीत आमची जमीन गेली' याचे दोन अर्थ होतात :)
ज्येष्ठांना हा फरक कशाला हवा? तर बाग, दवाखाना, विरंगुळा केंद्र यांची आरक्षणं शहराच्या योजनेत असतात आणि रेल्वे, मोठे रस्ते, नवी घरं कुठे वाढणार हे प्रदेशाच्या योजनेत. दोन्ही एकमेकांशी बोलत नसतील तर दवाखाना मिळतो पण तिथे जायला बस नसते. पुण्यात मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरपर्यंत टीओडी (ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट) म्हणून जास्त चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकाम करता येतं, तिथे टॉवर उठतात, पण रस्ता ओलांडायला सिग्नल किती सेकंदांचा ठेवला ते कोण बघतं? काठी घेऊन चालणारा माणूस दुभाजकावर अडकतो. माझ्या मते टीओडीचं भाषांतरच करू नका, 'स्टेशनाजवळची घरं' म्हणा, कळतं.

निवृत्त_कारकून: आधार शब्द आता कार्डाने खाल्लाय, मदत किंवा देखभाल लिहा. पण मेंटेनन्स लिहू नका! सोसायटीत मेंटेनन्स म्हणजे महिन्याची पावती, कोर्टात बायकोला द्यायची ती पोटगी, आणि आईवडिलांना मुलांनी द्यायचा तो त्या २००७ च्याच कायद्याच्या मराठी नावात चरितार्थ. त्यासाठी प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, केंद्राच्या कायद्यात कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. घर मुलाच्या नावावर करताना 'सांभाळ करील' ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या, मग त्याने नाही सांभाळलं तर ते रद्द करून मागता येतं. आमच्या ओळखीत एकांनी ती ओळ घातली नाही आणि आता हेलपाटे घालतायत.

चाळकरी: मग असं लिहितो, 'आपल्या भागातली बस-रेल्वे, घरं आणि ज्येष्ठांची देखभाल, पुढच्या वीस वर्षांचा आराखडा. हरकती व सूचना आणा.' चालेल?

आराखडा: चालेल, पण हरकतीचा अर्थ आधी समजावून सांगा. मागे एका आजींनी अर्जात लिहिलं होतं, 'आमची काही हरकत नाही, फक्त बसथांबा दवाखान्यासमोर करा आणि तिथे बसायला बाकडं ठेवा.' पहिलं वाक्य खोडायला लावलं मी.