मदत हवी आहे: बॅचलर रूमची जुनी मोझॅक लादी पेशंट राहील इतकी स्वच्छ कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं मुंबईत करी रोडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके भाड्याने घेऊन राहतो. दोघं जनरल शिफ्टला, एक नाईटला, एक हॉटेल लाईनमध्ये, त्यामुळे घरात कायम कोणीतरी झोपलेलं आणि कोणीतरी बाहेरून आलेलं असतं. पुढच्या महिन्यात माझे मोठे काका गावाहून येतायत, टाटा कॅन्सर हॉस्पिटलला केमो सुरू होणार आहे, दर वेळी गावी जाऊन परत येणं त्यांना झेपायचं नाही म्हणून काका-काकू दोघंही आमच्याकडेच राहतील. मित्र स्वतःहून म्हणाले आतली खोली त्यांना देऊ, आपण हॉलमध्ये पडू. राहण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला, राहिला तो लादीचा.

काकांना पलंगाची सवय नाही. खाली गादी टाकून झोपतात, जेवायलाही मांडी घालून खालीच बसतात, आजारपणात त्यांना हे बदलायला लावायचं माझ्या जीवावर येतंय. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, इन्फेक्शन पटकन होऊ शकतं, घर स्वच्छ ठेवा असं आम्हाला सांगितलंय. आणि आमची लादी म्हणजे जुनी मोझॅक, पॉलिश कधीचं गेलेलं, सांध्यांत काळी घाण बसलेली, किचनच्या दारात दोन ठिकाणी खड्डे. समोरच रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत तळपाय काळे होतात. त्यात आता पाऊस, एकदा पुसलेली लादी तासभर वाळत नाही.

मावशी येतात केर-लादीला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पाच घरं करून येतात बिचाऱ्या, पण एकाच बादलीच्या पाण्यात अख्खं घर पुसून होतं आणि फिनेल सढळ हाताने. वास येतो म्हणजे स्वच्छ झालं असं सगळ्यांनाच वाटतं. पण पुसून झालं की लादी चिकट लागते आणि धूळ अजूनच धरते.

हार्डवेअरवाला म्हणतो ऍसिड मारून घ्या, एका दिवसात चकाचक. मारू का? फिनेलच्या वासाने काकांना मळमळलं तर दुसरं काय वापरायचं? आणि पावसाळ्यात लादी कोरडी ठेवायला तुम्ही काय करता? ज्यांनी घरात पेशंट सांभाळलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद:
ऍसिड अजिबात मारू नका. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडे, ऍसिड दोन्ही खातं. त्या दिवशी पांढरी दिसेल पण वरचा थर खरखरीत होईल आणि मग घाण आणखी आत बसेल. व्हिनेगर, लिंबू हे घरगुती उपायही मोझॅकवर नकोत, तेही आम्लच. आणि ऍसिड आणि ब्लीच चुकूनही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो, बंद खोलीत जीवावर बेतू शकतं. टॉयलेट क्लीनरमध्येही बऱ्याचदा ऍसिडच असतं हे लक्षात ठेवा.

तुमच्या लादीला खरी गरज पॉलिशची आहे. मशीनवाले येतात, पाणी टाकून दगडाने घासतात, आधी खड्डे आणि सांधे व्हाईट सिमेंटने भरून घेतात. दिवसभर चिखलासारखा राडा होतो घरात, म्हणून काका यायच्या आधीच उरका. मालकाला विचारून करा, लादी त्याचीच सुधारतेय, निम्मे पैसे द्यायला तयारही होईल.

प्रतिसाद:
माझ्या आईची केमो घरी राहूनच झाली म्हणून लिहितेय. दादा, फिनेल बंदच करा. आईला तर अगरबत्तीसुद्धा सहन व्हायची नाही. आम्ही रोज साध्या कोमट पाण्याने पुसायचो, एकदा पुसून पाणी बदलायचं आणि परत एकदा. मळ निघतो तो घासण्याने आणि पाणी बदलण्याने, वासाने नाही. चिकटपणा जो म्हणताय तो फिनेल-साबण जास्त झाल्याचा थर आहे, सुरुवातीला गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून एकदा घासून काढा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा, पायाला लगेच फरक कळेल. जंतुनाशक वापरायचंच तर बिनवासाचं घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला आणि लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या, लगेच पुसून टाकलं तर उपयोग नसतो.

आतल्या खोलीचं फडकं आणि बादली वेगळी ठेवा, संडास-बाथरूमचं तर वेगळंच. पावसात लादीपेक्षा जास्त घाण ते फडकं असतं, ओलं गोळा करून कोपऱ्यात टाकलं की कुबट वास मारतं आणि दुसऱ्या दिवशी तेच आपण घरभर फिरवतो. उकळत्या पाण्यात बुडवून पिळून पंख्याखाली वाळवा. दोन जोड ठेवा, एक वाळत असतो.

अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही. केमोनंतर साधारण दोन दिवस उलटी-लघवीतून औषध बाहेर पडत असतं. लादीवर उलटी झाली तर हातात ग्लोव्हज घालून आधी पेपरने टिपून पिशवीत बांधायची, मग साबणाच्या पाण्याने दोनदा धुवायचं. काकूंना नुसत्या हाताने करू देऊ नका, त्या पटकन पदर खोचून बसतील पुसायला, आमच्याकडे माझ्या मावशीने तेच केलं होतं. तुमच्या काकांच्या औषधाला किती दिवस सांभाळायचं ते वॉर्डातल्या सिस्टरना विचारून घ्या, त्या नीट सांगतात.

धागाकर्ता:
ताई, खूप खूप आभार. ग्लोव्हजचं खरंच माहीत नव्हतं, आजच आणतो. मालकाशी बोललो, पॉलिशला हो म्हणाले. एक राहिलं, आमच्याकडे मधेमधे टँकरचं पाणी येतं, त्याने पुसलं की वाळल्यावर पांढरट डाग दिसतात. ते काय असतं? आणि चौघांत काम कसं वाटायचं? नाईटवाला दुपारपर्यंत झोपतो, त्याला उठवून केर काढणं बरं वाटत नाही.

प्रतिसाद:
पांढरट डाग क्षारांचे. महापालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेच्या धरणांचं, त्यात क्षार कमी. टँकर बऱ्याचदा बोअरचं किंवा विहिरीचं पाणी आणतो. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा लादीसाठी एक बादली वेगळी भरून ठेवा. टँकरचंच पाणी वापरावं लागलं तर ते वाळायच्या आत कोरड्या सुती कपड्याने पुसून घ्या, म्हणजे डाग पडत नाहीत. हा कोरडा हात पावसाळ्यात तसाही मारायचाच, पेशंट घसरायची भीतीही जाते.

केर काढताना पंखा बंद आणि समोर काम चालू असेल तर त्या बाजूची खिडकीही बंद. नवीन झाडूचा भुसा गळतो, तो बाहेर नेऊन आपटून घ्या. खरं तर आतल्या खोलीत झाडू नकोच, ओल्या फडक्यानेच केर ओढून घ्या म्हणजे धूळ उडत नाही आणि आवाजही नाही, झोपलेल्याची झोपमोड होणार नाही.

वाटणी कामाची करू नका, जागेची करा. आम्ही पाच जण राहायचो तेव्हा आज तुझी पाळी उद्या माझी हे आठवड्यातच मोडलं. मग एकाला किचन, एकाला पॅसेज, एकाला हॉल असं लावून दिलं, कोणाची जागा घाण आहे ते दिसायला लागलं आणि आपोआप झालं. तुमच्याकडे आतली खोली तुमची, मावशींना हॉल आणि किचन सांगा, पण पाणी बदलायला त्यांना दुसरी बादली तुम्ही भरून द्या, त्या बदलतील.

चपला मात्र दाराबाहेर किंवा दाराच्या आत लगेच स्टँडवर, चौघांच्याही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून येतो आपण, त्यात उंदरांचं मूत असतं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) त्यातूनच होतो. दाराशी टब-मग ठेवा, आल्या आल्या पाय धुवायचे, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा. हे सांगायला संकोच वाटेल, तरी सांगा.

धागाकर्ता:
जागेची वाटणी आज रात्रीच लावतो. शेवटचं विचारतो, लादी गार लागू नये म्हणून काकांच्या खोलीत प्लास्टिकची चटई कायमची अंथरून ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद:
कायमची नको, खाली ओल धरते आणि बुरशी येते. रोज सकाळी गादी आणि चटई दोन्ही उचला, लादी पुसून पूर्ण कोरडी झाली की परत घाला. गादीखाली लाकडी फळ्यांचा बुटका चौथरा मिळाला तर बघा, चार बोटं उंच, काकांना खाली झोपल्यासारखंच वाटेल आणि उठताना गुडघ्यालाही बरं पडेल.

धागाकर्ता:
हे बेस्ट. लालबागला एक सुतार ओळखीचे आहेत, उद्या माप घेऊन जातो.