चार खोल्यांच्या निवासाला नेमके कोणत्या प्रकारात धरावे?

प्रश्न : कोलाऱ्याजवळचा शेतकरी (चिमूर तालुका)

नमस्कार. आमचे गाव ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराच्या वाटेवर आहे. वडिलोपार्जित घराच्या परसात आम्ही धाकट्या भावाच्या संसारासाठी चार खोल्या बांधल्या होत्या, परंतु त्याची नोकरी पुण्याला लागल्यामुळे त्या रिकाम्याच आहेत. हंगामात उमरेड-भिसी मार्गाने येणारे नागपूरचे पाहुणे ओळखीपाळखीने आमच्याकडे उतरतात आणि आई त्यांना घरचेच जेवण वाढते. आता हे काम रीतसर करावे, असे घरात ठरत आहे. मात्र ज्याला विचारावे तो वेगळेच नाव सुचवतो. एक म्हणतो रिसॉर्टची पाटी लावा, दुसरा म्हणतो लॉज म्हणून कागद करा, तिसऱ्याने कृषी पर्यटन सुचवले, आणि भाच्याचे म्हणणे असे की तारांकन मिळवले तर दर दुप्पट घेता येईल. हे प्रकार मुळात कशावरून ठरतात, आणि नाव बदलल्याने नियमांत, करात किंवा पाहुण्यांच्या अपेक्षेत खरोखर काही फरक पडतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : हॉटेल व्यवस्थापनाचा शिक्षक (अमरावती)

भाऊ, तुम्हाला मिळालेली चारही उत्तरे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरची आहेत, म्हणून ती एकमेकांशी जुळत नाहीत. निवासव्यवस्थेचे वर्गीकरण जागेवरून, खोल्यांच्या संख्येवरून, पाहुण्याच्या मुक्कामाच्या लांबीवरून, मालकीवरून, जेवणाच्या व्यवस्थेवरून आणि शासकीय दर्जावरून असे अनेक अंगांनी होते, आणि एकच वास्तू एका वेळी यांतल्या पाच-सहा गटांत बसू शकते. पाठ्यपुस्तकी हिशेबाने 25 खोल्यांपर्यंतचे हॉटेल लहान समजतात. तुमच्या चार खोल्या त्याच्याही पुष्कळ खाली आहेत.

जागेवरून पडणारा फरक असा : शहरातल्या हॉटेलात माणूस दुसऱ्या कामासाठी आलेला असतो आणि रात्री झोपण्यापुरता थांबतो, रिसॉर्टमध्ये मात्र तो त्या ठिकाणासाठीच येतो आणि दिवसाचा बराच वेळ आवारातच घालवतो. त्यामुळे रिसॉर्ट म्हटले की मोकळी जागा, मुलांना खेळायची सोय, बहुधा पोहण्याचा तलाव, हे सारे पाहुणा गृहीत धरूनच येतो. मोटेल हा महामार्गावरचा प्रकार असून त्यात गाडी खोलीच्या दाराशी उभी करता येते. आपल्याकडे हिंगणघाट-पांढरकवडा पट्ट्यात ढाब्यामागे काढलेल्या खोल्या त्याच्या जवळपास जातात. लॉज म्हणजे बहुधा बसस्थानकाजवळची, जेवण नसलेली, एक-दोन रात्रींची सोय. चिमूरला तालुक्याच्या कामासाठी आलेल्या माणसाला ती लागते, जंगल पाहायला आलेल्या कुटुंबाला नव्हे.

तारांकनाविषयी भाच्याला सांगावे की ती वाट तुमच्यासाठी बंदच आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती प्रत्यक्ष पाहणी करून एक ते पाच तारे आणि त्यावर पंचतारांकित डिलक्स असा दर्जा देते, परंतु त्यासाठी भाड्याने देण्याजोग्या किमान 10 खोल्या असाव्या लागतात. ही योजना ऐच्छिक आहे आणि मिळालेला दर्जा पाच वर्षांसाठी असतो. म्हणजे तारा नसलेले हॉटेल बेकायदा ठरत नाही, आणि कोणी स्वतःच्याच मनाने पाटीवर तीन तारे रंगवले तर त्याला काही अर्थ उरत नाही. याच योजनेत तीन, चार आणि पाच ताऱ्यांच्या हॉटेलांसाठी मद्यसेवा असलेली आणि नसलेली अशी वेगळी सोय आहे. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांतल्या हॉटेलांना म्हणूनच बार नसल्यामुळे वरचा दर्जा नाकारला जात नाही.

तुमच्या वर्णनाला सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे घरगुती निवास, ज्याला सगळे होमस्टे म्हणतात. केंद्राच्या निवास-न्याहारी योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत मान्यता मिळते आणि मालकाचे कुटुंब त्याच वास्तूत राहत असले पाहिजे, ही तिची मुख्य अट आहे. यात तारे नाहीत, रौप्य आणि सुवर्ण असे दोनच दर्जे आहेत. तुमच्या आई तिथे राहतात आणि स्वतः वाढतात, ही गोष्ट इतर कोणत्याही प्रकारात फार तर कौतुकाची ठरेल, इथे ती पात्रतेचाच भाग आहे.

आता ज्याकडे कोणी लक्ष देत नाही त्या जेवणाच्या वर्गीकरणाकडे येतो, कारण जंगलालगत पैसा बुडतो किंवा सुटतो तो इथेच. फक्त खोलीचे भाडे घेतात त्याला युरोपियन प्लॅन म्हणतात. खोली आणि न्याहारी म्हणजे कॉन्टिनेंटल, न्याहारी आणि एक जेवण म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन, आणि तिन्ही वेळचे जेवण धरून घेतलेला दर म्हणजे अमेरिकन प्लॅन. व्याघ्र प्रकल्पांच्या भोवती याच्यात सफारीची भर घालून जंगल प्लॅन विकला जातो. तुमच्याकडे युरोपियन प्लॅन चालणार नाही, कारण पाहुणा बाहेर जेवायला जाणार कुठे? शिवाय सकाळच्या सफारीसाठी तो उजाडायच्या आत निघतो. म्हणून पहाटे चहा, सोबत पोहे आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा, आणि साडेदहाच्या सुमारास तो धुळीने माखून परतला की बंबातले कढत पाणी व त्यानंतर गरम जेवण, असा क्रम लावावा लागतो. दर ठरवताना हा डबा धरला आहे की नाही, हे आधीच लिहून द्या. जंगलाच्या वाटेवरची निम्मी भांडणे त्या डब्यावरून होतात. सफारीचे आरक्षण मात्र तुमच्या दरात मिसळू नका. ते पाहुण्याने वनविभागाच्या संकेतस्थळावरून स्वतः करावे, म्हणजे जागा मिळाली नाही तर दोष तुमच्याकडे येत नाही.

उत्तर 2 : सेलू तालुक्यातील कृषी पर्यटन केंद्रचालक (वर्धा जिल्हा)

सरांनी सगळे नीट मांडले आहे, मी फक्त कृषी पर्यटनाविषयी लिहितो. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली आले. त्यात किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. होमस्टेशी याचा फरक असा की तिथे घर हे मुख्य असते आणि इथे शेत. पाहुण्याला दाखवायला तुमच्याकडे चालू शेती हवी. तुमच्याकडे धान असेल तर रोवणीच्या दिवसांत लोक हौसेने चिखलात उतरतात, पण नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे 1 जुलै ते 30 सप्टेंबर, ताडोबाचे गाभा क्षेत्र बंद असते. हा योग मला फार उपयोगाचा वाटतो. सफारीचा पाहुणा नसताना शेतीचा पाहुणा येऊ शकतो. घर गावठाणात आणि शेत शिवारात असे असेल, तर खोल्या शेताशी कशा जोडून दाखवता येतील, याची आधी संचालनालयात चौकशी करा.

नावाने फरक पडतो का, याचे उत्तर अनुभवावरून होय असे आहे. एका आरक्षण संकेतस्थळाने आमची नोंद परस्पर रिसॉर्ट या गटात टाकली. मुंबईचे एक कुटुंब आले, झुणका-भाकरी आवडीने जेवले, बैलबंडीत बसून फिरले, आणि परत गेल्यावर लिहिले की खोलीत टीव्ही नाही, पोहण्याचा तलाव नाही आणि रात्री दहानंतर खाण्याची सोय नाही. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. गट बदलून घ्यायला आम्हाला बराच पाठपुरावा करावा लागला. त्यानंतर तेच घर, तीच चादर, आणि अभिप्राय मात्र उत्तम येऊ लागले.

उत्तर 3 : खामगावचा प्रवासी

या चर्चेत बिगर-व्यापारी निवासाचाही उल्लेख व्हावा, कारण विदर्भात सामान्य माणूस आजही तिथेच जास्त उतरतो. शेगावला श्री गजानन महाराज संस्थानचे भक्तनिवास आहे, सेवाग्रामला आश्रमासमोर यात्री निवास आहे, आणि लहान देवस्थानांच्या धर्मशाळा तर गावोगावी आहेत. यांना हॉटेलच्या मोजपट्ट्या लावता येत नाहीत. तिथे खोली विकली जात नाही, येणाऱ्याची सोय केली जाते. करातही हा भेद मानलेला आहे : नोंदणीकृत धर्मादाय किंवा धार्मिक संस्थेने धर्मस्थळाच्या आवारातली खोली दिवसाला हजार रुपयांहून कमी दराने दिली, तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. चौथा गट शासकीय विश्रामगृहांचा. सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहे मुळात दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी असतात आणि खोली रिकामी असली तरच इतरांना मिळते, तीही वरून साहेबांचा दौरा आला तर सोडावी लागते. मेळघाटात सिपना नदीकाठच्या कोलकासला मात्र पर्यटकच मुख्य पाहुणा झाला आहे. तिथल्या व्हरांड्यात बसून खानसाम्याच्या हातचा चहा पिण्यासाठी मी कोणतेही तारांकित हॉटेल सोडायला तयार आहे, हे जाता जाता.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. दोन शंका उरल्या. आमच्या मामांचा ब्रह्मपुरी तालुक्यात जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदाराचा, वाडा आहे. तो वारसा हॉटेल म्हणून पुढे आणता येईल का? आणि आम्हाला कराची नोंदणी लगेच करावी लागेल का?

उत्तर 4 : करसल्लागार (ब्रह्मपुरी)

कराचे आधी सांगतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी बंधनकारक नाही, आणि चार खोल्यांची उलाढाल पहिल्या वर्षी तिथवर जाणे कठीण दिसते. मात्र ही उलाढाल तुमच्या नावावरच्या इतर व्यवसायासह मोजली जाते. कृषी केंद्र (बियाणे-खतांचे दुकान) किंवा भाड्याचा ट्रॅक्टर त्याच नावावर असेल तर तो हिशेब एकत्र धरा. नोंदणी नसलेल्या मालकाची खोली ऑनलाइन मंचावरून गेली, तर खोलीभाड्यावरचा कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर असते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरच्या खोलीवर 18 टक्के दर आहे. पाटीवर लॉज लिहिले काय किंवा रिसॉर्ट लिहिले काय, दर भाड्यावरूनच ठरतो. स्वयंपाकासाठी अन्न सुरक्षा नोंदणी वेगळी करावी लागेल, आणि परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती 24 तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणीच्या ऑनलाइन व्यवस्थेत भरावी लागेल. ही शेवटची गोष्ट होमस्टेवाले हमखास विसरतात.

उत्तर 5 : हॉटेल व्यवस्थापनाचा शिक्षक (अमरावती)

वाड्याबद्दल : पर्यटन मंत्रालयाच्या वारसा गटासाठी वास्तू 1950 पूर्वीची असावी लागते, निम्मे तरी चटईक्षेत्र त्या काळातले हवे, आणि मूळच्या गटासाठी किमान पाच खोल्या पुरतात. त्याच्या वर क्लासिक आणि ग्रँड असे दोन गट आहेत. अडचण खोल्यांच्या संख्येची क्वचितच येते. सागवानी खांब, चौक, माडी, कौले यांतले काय मूळचे उरले आहे, हे तिथे पाहतात. मामांनी डागडुजीच्या नावाखाली दर्शनी भागाला टाइल्स लावल्या असतील, तर आधी त्यांच्याविषयी ठरवावे लागेल.

तुमच्यासाठी मात्र एक गोष्ट या सगळ्याच्या आधी तपासण्यासारखी आहे. व्याघ्र प्रकल्पांभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित केलेले असते, आणि संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत किंवा संवेदनशील क्षेत्राच्या सीमेपर्यंत, यांपैकी जे जवळ असेल तिथवर, नवी व्यापारी हॉटेले आणि रिसॉर्ट उभारण्यास सहसा मनाई असते. स्थानिक रहिवाशाच्या राहत्या घराकडे आणि होमस्टेकडे या अधिसूचनांत वेगळ्या नजरेने पाहिलेले असते. म्हणून आपल्या जमिनीचा गट क्रमांक या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे तहसील कार्यालयातून किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयातून लेखी विचारून घ्या. अर्जात "रिसॉर्ट" हा शब्द चुकूनही वापरू नका, "राहत्या घरातील चार खोल्यांचा होमस्टे" असेच लिहा आणि सोबत ग्रामपंचायतीचा कर भरल्याची पावती जोडा.