सेशनच्या कोपऱ्यात : आयरिश पबमधल्या संगीताचे आपले अनुभव

डब्लिनला येऊन मला आठ वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात एका सहकाऱ्याने काम सुटल्यावर 'चल, सेशन ऐकू' म्हणून नेलं. मला वाटलं कार्यक्रम असेल, स्टेज असेल. आत गेलो तर कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सहा माणसं बसलेली, निम्म्यांच्या पाठी आमच्याकडे. माइक नाही, निवेदन नाही. एकीने फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, काहीतरी सुरू केलं, दोन ओळींनंतर बाकीचे एकेक करून त्यात शिरले. थांबले तेव्हा कोणी मान वर करून आमच्याकडे पाहिलंही नाही. ग्लास उचलले आणि गप्पा पुढे चालू.

मी त्यांच्याजवळची रिकामी खुर्ची ओढून बसलो होतो. थोड्या वेळाने एक बाई फिडलची पेटी पाठीला लावून आल्या आणि काही न बोलता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. सहकाऱ्याने मला हाताला धरून उठवलं. ती खुर्ची त्यांची होती, गेली कित्येक वर्षं त्या वारी त्यांचीच.

त्या रात्री फार ओशाळलो, पण ओढ लागली ती तिथूनच. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो. या ट्यून्स जुन्या आहेत, पण पबमध्ये जमून वाजवण्याची रीत मी समजत होतो तितकी जुनी नाही. पूर्वी हे संगीत शेतघरांच्या स्वयंपाकघरात आणि गावाबाहेरच्या चौरस्त्यावर नाचासाठी वाजायचं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि घरोघरच्या नाचांवरही गदा आली. मग माणसं कामासाठी इंग्लंडात गेली. भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणारा मजूर फिडल वाजवणार कुठे? लंडनच्या पबमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे रुजलेली ही बैठक मग आयर्लंडभर पसरली. हे कळलं तेव्हा मला गिरणगावातली भजनी मंडळं आठवली. गाव सुटलेली माणसं, आठवड्यातला एक वार, आणि गोल करून बसणं.

डब्लिनच्या स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन पबच्या जागी हॉटेल बांधायची योजना आली, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये वादक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले. मीही त्या मोर्चात चाललो. नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. त्या दिवशी मी घरी फोन करून 'आपला पब वाचला' असं सांगितलं.

तुमच्यापैकी कोण कोण अशा सेशनला गेलं आहे? कुठे, काय ऐकलं, काय चुकलं, कोणी जवळ केलं, ते सविस्तर लिहा.


गॉलवेहून

मी लहानपणी सात वर्षं तबला शिकलो. इथे आल्यावर टी कोली आणि क्रेन बार या पबमध्ये नुसता ऐकत बसायचो. मनात नाचाच्या ट्यून्सच्या प्रकारांचा आपोआप हिशेब सुरू व्हायचा : जिग म्हणजे सहाचा, आपला दादराच, रील चाराची, केहरव्यासारखी पळणारी, स्लिप जिग नऊची, तीन-तीन-तीन. वाटलं, आपल्याला हे जमेल. बाउरान विकत घेतला. बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेली डफासारखी चौकट, एका हाताने आतून कातडं दाबायचं आणि दुसऱ्या हातातल्या लहानशा काठीने वाजवायचं.

तो घेऊन एका पबमध्ये गेलो. तिथे एक बाउरानवाला आधीच बसला होता. मी वाजवू का विचारलं, त्याने हसून 'पुढचा सेट तुझा' म्हटलं आणि स्वतःचा बाउरान खाली ठेवला. मी लग्गी लावल्यासारखा सुटलो. दुसऱ्या फेरीला बासरीवाल्याने डोळे मिटूनच भुवया आक्रसल्या. सेट संपल्यावर तो माझ्याकडे वाकून म्हणाला, 'तू सुरांच्या वर बसलायस. खाली ये, त्यांना उचलून धर.' आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मला हे समजायला दोन वर्षं लागली. इथे कोणी आळीपाळीने आपली कला दाखवत नाही. सगळे एकच ट्यून एकत्र वाजवतात. आठ मात्रागटांचा एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, अशी पूर्ण फेरी दोन-तीन वेळा, की न थांबता पुढची ट्यून, हाच तो सेट. बदलायच्या क्षणी कोणीतरी 'हप्!' म्हणतं, नाहीतर नुसती नजर वर करतं. तान नाही, तिहाई नाही, समेवर येण्याचा गजर नाही. ज्याचं त्याचं वेगळेपण बारीक कणांमध्ये असतं, रोल आणि कट म्हणतात त्यांना. कान तयार झाल्यावरच ते ऐकू येतं. तालवाद्याला तर सेशनमध्ये उशिरा जागा मिळाली. बाउरानला १९६० च्या सुमारास शॉन ओ रिआडा यांनी आपल्या वादकसंचात घेऊन मान दिला. त्याआधी लय फिडल आणि बासरीच्याच अंगात होती, आजही आहे.

आता मी जातो तेव्हा बाउरान पिशवीतच असतो. कोणी विचारलं तरच काढतो. एका वेळी एकच बाउरान, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.


मालवणहून, मुक्काम एनिस

मुलगा क्लेअर परगण्यात एनिसला नोकरीला आहे. २०१८ साली मी तीन महिने त्याच्याकडे राहिले. मी म्हटलं, 'बाबा रे, दारूच्या गुत्त्यात मी कशाला येऊ?' तो म्हणाला, 'आई, तिथे चहा मिळतो.' खरोखरच किटली भरून चहा आला, वर दुधाचं वेगळं भांडं. शेजारच्या टेबलावर एक आजी विणकाम करत बसल्या होत्या.

बारा-पंधरा जण वाजवत होते, म्हातारे आणि शाळकरी मुलं एकत्र. एका मुलीचं चुकलं तशी बाजूच्या आजोबांनी मान हलवून तिला परत आत घेतलं, जसं आमच्या भजनात टाळ चुकलेल्या पोराला बुवा नजरेने घेतात. मधेच कोणीतरी 'शूऽऽ' केलं आणि सगळा पब गप्प झाला. बारमागच्या मुलाने ग्लास धुणंसुद्धा थांबवलं. एक पासष्टीचे गृहस्थ डोळे मिटून गाऊ लागले, साथीला काही नाही, आयरिश भाषेत. याला शॅन-नोस म्हणतात, म्हणजे जुनी रीत. त्यांच्या शेजाऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि गाण्याबरोबर सावकाश फिरवत राहिला, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. शब्द कळत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर त्या गृहस्थांनी विचारलं, कुठून आलात? मुलाने सांगितलं, पश्चिम किनाऱ्यावरचं मालवण. तेव्हा त्यांचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव वराड आमच्याच तालुक्यातलं, हे मुलाने सांगताच सगळे आमच्याकडे वळले. मग म्हणाले, तुमच्याकडचं काही म्हणा ना. मी गायिका नव्हे. पण आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या म्हटल्या, तीन. पुन्हा तशीच शांतता. आणि त्या विणकामवाल्या आजींनी माझा हात धरला होता.

मी परत आल्यावर शेजारणींना हे सांगितलं तर कोणाला पटेना, पबात ओव्या!


लिमरिकहून

मी विद्यार्थिनी आहे. शेकडो ट्यून्स पाठ असलेल्या लोकांमध्ये नवशिक्याने काय करायचं, असं कोणाला वाटत असेल तर 'स्लो सेशन' शोधा. बऱ्याच गावांत असतात, मुद्दाम संथ वाजवतात. कोल्टसच्या शाखांमध्ये शिकवणीही असते. ही संस्था १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झाली, आणि फ्ला नावाचा मोठा संगीतमेळा तीच भरवते. मी थोड्या युरोंची पत्र्याची शिट्टी घेऊन सुरुवात केली. सहा भोकं, आपल्या बासरीसारखीच, फक्त फुंकायचं टोकाकडून. कागद पाहून वाजवायला मनाई नाही, पण तिथे कोणी कागद काढत नाही, ट्यून कानानेच घ्यायची. वर्षभरात अकरा ट्यून्स झाल्या. कोणीतरी 'सुरू कर' म्हटल्यावर त्यातली एक मी सुरू केली आणि सात जण माझ्यामागे आले, त्या रात्री झोप लागली नाही.


कॉर्कहून

मुलांना नेता येतं का, असं हमखास विचारतात. येतं, पण वेळ पाळा. अठराच्या आतल्यांना रात्री नऊनंतर पबमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर दहापर्यंत. बहुतेक सेशन नऊ-साडेनऊला सुरू होतात, म्हणून आम्ही रविवारी दुपारची सेशन गाठतो. माझी सहा वर्षांची मुलगी पोल्का, म्हणजे नाचाची एक जलद चाल, सुरू झाली की उभी राहते. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या शीव लुआखरा भागात पोल्का आणि स्लाइड हे नाचाच्या ट्यून्सचे प्रकार फार वाजवतात, तिला तीच आवडतात.


पुण्याहून, आठ दिवसांची सहल

आमचा पहिला अनुभव वाईट. डब्लिनच्या पर्यटकी भागात एका पबमध्ये गिटारवाला माइकवर ठरावीक गाणी म्हणत होता, टाळ्या वाजवा म्हणत होता. तो वाईट गात नव्हता, पण ज्यासाठी गेलो होतो ते हे नव्हे. हॉटेलातल्या मावशींनी सांगितलं, 'जिथे स्टेज नाही तिथे जा.'

तो सल्ला लक्षात ठेवून क्लेअरच्या किनाऱ्यावर डूलिनला गेलो. तिथेही पर्यटक खूप, बसच्या बस. तरी गस ओ'कॉनर्समध्ये रात्री गर्दी ओसरल्यावर तिघे राहिले : शिट्टी, फिडल, कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायचं भात्याचं छोटं वाद्य). याच गावाचे मिको रसेल शिट्टी वाजवायचे, १९९४ मध्ये गेले. त्यांच्या साध्या, निवांत वाजवण्यासाठी लोक दूरदूरहून येत. त्या तिघांचं वाजवणंही घाईचं नव्हतं. आमच्या गटातल्या एकांनी टाळ्यांचा ठेका धरला, तेव्हा मी हळूच त्यांचा हात खाली केला. टाळी जरा मागे पडली की वादकांची लय ओढली जाते. फोटोही विचारून एकच काढला.


बॉस्टनहून

मी पेटी शिकवते. आयर्लंड अजून पाहिलं नाही, पण आमच्याजवळ सॉमरव्हिलमध्ये बरेन नावाचा पब आहे, तिथे सेशन असते. कॉन्सर्टिनाचा पहिला सूर ऐकला आणि वाटलं, अरे, ही तर आपली पेटी! तशीच भाता आणि धातूच्या पत्त्यांची. फरक एवढाच की त्यांच्या अँग्लो कॉन्सर्टिनात तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. त्यामुळे हात सतत दिशा बदलतो आणि नाचाचा झोका आपोआप येतो. क्लेअरमध्ये हे बायकांचं वाद्य म्हणून नावाजलेलं. किलरशच्या मिसेस क्रॉटी त्यांच्याच पबमध्ये वाजवत.

ऐकता ऐकता वहीत ट्यून्सचे आपल्या रागसंगीतातले थाट लिहू लागले. पांढरी दोनमध्ये (इंग्रजी डी) बिलावल भरपूर, पण खमाज आणि काफीही पावलोपावली. काफीच्या ट्यून्समध्ये मला एकदम घरी आल्यासारखं होतं. एका मध्यंतरात कॉन्सर्टिनावाल्या बाईंना हे सांगितलं. त्यांनी वाद्य माझ्या हातात दिलं आणि मी काफीचा आरोह शोधत बसले, दाब-ओढ, दाब-ओढ. त्यांचे दोन सेट त्यांनी नुसतं ऐकण्यात घालवले. हे मी विसरणार नाही.


पुन्हा डब्लिनहून

मालवणच्या काकूंचं वाचून फोनवर आईला वाचून दाखवलं. पेटीवाल्या ताई, तुम्ही मिलटाउन मालबेला याच. क्लेअरमधलं छोटं गाव, जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, १९७३ पासून. क्लॅन्सी इलन पाइप्स (मशकबीनसारखं आयरिश वाद्य) वाजवत, त्याच वर्षी जानेवारीत ते गेले. इलन म्हणजे कोपर : भाता काखेत धरून कोपराने हवा भरायची. या पाइप्सच्या वादनपरंपरेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

त्या आठवड्यात सकाळी वर्ग आणि दुपारपासून गावभर वाजवणं. पबमध्ये, अंगणात, गाडीच्या उघड्या डिकीत बसूनसुद्धा. गेल्या खेपेला रात्री दीडच्या सुमारास एका पबच्या मागच्या खोलीत पाइप्सवर कोणीतरी संथ चाल धरली होती. दारात इतकी गर्दी की मला फक्त आवाज येत होता. तेवढ्यात बाकावरच्या एका आजोबांनी न वळताच शेजारच्याला कोपराने सरकवलं आणि वीतभर जागेवर हात थोपटला. मी बसलो. ती चाल संपेपर्यंत आम्ही चौघे खांद्याला खांदा लावून होतो, कोणी कोणाला नाव विचारलं नाही.

खोल्या मात्र जानेवारीतच घ्या. नंतर गावात जागा उरत नाही. तंबू असेल तर आणा.