मदत हवी आहे: गाठीभोवतीच्या इंजेक्शनबद्दल सर्जनना परत कसं विचारू?

गिरणाकाठ
गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे, जळगावला. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचा अभ्यास वाचला. स्तनातली गाठ काढण्याआधी तिच्या चहूबाजूंनी भुलीचं साधं औषध टोचलं तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं म्हणे. खर्च शंभर रुपयांच्या आत! आमच्या सर्जनना विचारलं तर "नेटवरचं वाचत बसू नका, ते तुमच्यासाठी नाही" एवढंच बोलून निघून गेले. परत कसं विचारू? कागद छापून नेला तर चिडतील का? लवकर सांगा. हळद, गोमूत्र, वास्तू काही नको.

भुसावळ जंक्शन
ताई, सरळ टाटालाच न्या. आम्ही मावशीला नेलं होतं. रात्री अमरावती एक्स्प्रेसला बसायचं, दादरला उतरायचं, तिथून परळ जवळच. फाइल काढायला पहाटेपासून उभं राहायची तयारी ठेवा. पहिला दिवस फक्त रांगेत जातो.

गिरणाकाठ
दादा, गुरुवार म्हणजे परवा. रेल्वेचं नाही विचारलं मी.

चोपडेकर
ते इंजेक्शन ऑपरेशनच्या पाच दिवस आधी देतात. आता उशीर झाला.

थिएटरवाला
चोपडेकर, दोन अभ्यासांची खिचडी करू नका. पाच ते चौदा दिवस आधीचं ते प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचं, 2011 मध्ये छापलेलं, साधारण 1000 बायकांवरचं. त्यात सगळ्या मिळून फारसा फरक दिसला नाही, काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेल्यांमध्येच दिसला.
ताई म्हणतात ते लिग्नोकेनचं, 2023 मध्ये आलेलं. 0.5 टक्क्याचं औषध गाठीभोवती टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग चिरा. 11 केंद्रं, 1600 बायका. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या 82.6 टक्क्यांच्या जागी 86.6 टक्के, आणि हयात असलेल्या 86.4 च्या जागी 90.1 टक्के.
ताई, आईचं वय? रिपोर्टमध्ये काय आहे? आधी केमो झाली का?

चोपडेकर
लिग्नोकेन तर दात काढताना देतात. त्यानं कॅन्सर थांबायला लागला तर दातांचे डॉक्टरच कॅन्सर बरा करतील.

थिएटरवाला
दातात दिल्यानं नाही हो. ऑपरेशनात गाठ हाताळताना पेशी सुटून पसरतात अशी शंका आहे. पेशींवर सोडियमचे मार्ग असतात, ते या औषधानं बंद होतात, म्हणून पेशींची हालचाल मंदावत असावी, असा तर्क.

तापीकाठ
तर्कच ना? ज्यांना औषध नाही दिलं त्यांना खोटं इंजेक्शनही नव्हतं दिलं. असल्या अभ्यासावर मी तरी लगेच विश्वास ठेवणार नाही.

थिएटरवाला
कोण जिवंत आहे हे मोजायला खोटं इंजेक्शन कशाला लागतं, भो?

गिरणाकाठ
तुम्ही दोघं नंतर भांडा. वय 58. शुगर नाही. बीपीची गोळी चालू आहे.

यावलची माय
बहीन, घाबरू नको, माय बरी व्हई जाई. एक सांगते, काखेतल्या गाठी काढल्या तर त्या हाताला पुढे बीपीचा पट्टा बांधू देऊ नको, सुईही टोचू देऊ नको. माझ्या जाऊबाईंचा हात सुजला होता, कोणी सांगितलंच नव्हतं.

भुसावळ जंक्शन
आणि योजनेतून करताय का? रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळतं का बघा. आमच्या मावशीचं एका वेलांटीवर अडकलं होतं.

थिएटरवाला
ताई, केमो?

गिरणाकाठ
हो, चार झाल्या. गाठ मोठी होती, लहान करून मग काढू म्हणाले. त्याचा इथे काय संबंध?

थिएटरवाला
तोच तर संबंध आहे. या अभ्यासात थेट ऑपरेशनला जाणाऱ्याच बायका घेतल्या होत्या, आधी केमो झालेल्या नाहीत. म्हणजे वरचे आकडे आईला लागू धरता येत नाहीत. सर्जन बहुतेक हेच म्हणत होते, फक्त घाईत अर्धवट बोलले.

तापीकाठ
मी म्हटलंच होतं.

थिएटरवाला
तुम्ही हे नव्हतं म्हटलं.

गिरणाकाठ
मग कागद नेऊ की नको?

थिएटरवाला
कागद राहू द्या. उद्या राउंडला एवढंच विचारा: "केमो झाल्यामुळे ते इंजेक्शन नाही ना?" आणि केमोनं गाठ किती उतरली, काखेचं काय ठरलंय, हेही विचारून घ्या. त्याची उत्तरं ते नीट देतील.

गिरणाकाठ
विचारते. रेशनकार्डावर आईचं नाव 'सुमनबाई' आहे आणि आधारवर नुसतं 'सुमन'. हे अडेल का?