केपटाऊन: मंडेलांसाठी एकच दिवस मोकळा आहे, लेकीला काय दाखवू?

साखरगाठी: डिसेंबरात केपटाऊनला जातोय. नवरा कॉन्फरन्समध्ये, फिरणाऱ्या आम्ही तिघी: मी, आई (७२, गुडघे दुखतात) आणि लेक (११). मंडेलांसाठी एकच दिवस आहे. तिघींचं पाच हजार रुपयांत बसवायचंय. '२७ वर्षं तुरुंगात' हे वाचल्यापासून लेक एकच विचारते, मग बाहेर कसे आले?

प्रवासी_पक्षी: रॉबेन आयलंड, बेटावरचा तुरुंग! २७ पैकी १८ वर्षं तिथेच काढली त्यांनी. आमचा गाइड स्वतः तिथला राजकीय कैदी होता. तो बोलत होता आणि आमच्या अख्ख्या ग्रुपमधून चकार शब्द नाही.

कोल्हापुरी_मिरची: एकच दिवस असेल तर रॉबेनच्या भरवशावर राहू नका. आमची बोट वाऱ्यामुळे ऐन सकाळी रद्द झाली, दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. अजून चुटपुट लागून आहे.

अनंत_जो: जोहान्सबर्गचं अपार्थाइड (वर्णभेद) म्युझियम बघा. तिकिटावर 'गोरे' किंवा 'बिगरगोरे' येतं आणि त्याप्रमाणे दार वेगळं. मी एका दारातून, बायको दुसऱ्या. पोरांना वेगळं समजवावं लागत नाही.

साखरगाठी: काका, आम्ही केपटाऊनला आहोत.

अनंत_जो: दोन तासांचं तर विमान. जाऊन या.

इतिहासवेडा: लेकीच्या प्रश्नाचं उत्तर डी क्लार्क, तेव्हाचे गोरे राष्ट्राध्यक्ष. २ फेब्रुवारी १९९० ला संसदेत एएनसीवरची (मंडेलांच्या पक्षावरची) बंदी उठवल्याचं जाहीर केलं, नऊ दिवसांत मंडेला बाहेर. १९९२ ला वर्णभेद संपवण्याच्या वाटाघाटी चालू ठेवायच्या का यावर फक्त गोऱ्यांचं सार्वमत घेतलं, तेही जिंकले. १९९३ चं नोबेल दोघांना मिळून आहे.

मीनल_स: म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९७६ ला सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरलेली शाळकरी पोरं कुठेच नाहीत? खाणकामगारांचे संप, बाहेरच्या देशांचे निर्बंध? सरकारपुढे दुसरी वाट उरली नव्हती. ताई, लेकीला अहमद कथराडांबद्दलही सांगा. गुजराती कुटुंबातले, सरकार उलथवण्याच्या आरोपावरच्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबरच जन्मठेप झाली.

इतिहासवेडा: निर्बंध होतेच. तरी सही कुणीतरी करावी लागते.

निवांत: आजींचं कुणी बघतंय का? रॉबेन म्हणजे बोट, मग बस, मग चालणं, साडेतीन-चार तास सहज. शिवाय परदेशी पाहुण्यांचं तिकीट महाग. त्यापेक्षा सिटी हॉलची बाल्कनी बघा. सुटले त्याच संध्याकाळी पहिलं भाषण तिथून केलं. आता तिथे पुतळाही आहे, बाहेरून बघायला पैसे नाहीत.

प्रवासी_पक्षी: रॉबेनच. बजेट थोडं वाढवा.

साखरगाठी: सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, पार्लजवळचा ड्राकेनस्टाइन तुरुंग. तेव्हा त्याला व्हिक्टर व्हर्स्टर म्हणत. शेवटचे चौदा महिने त्या आवारातल्या एका घरात ठेवलं होतं त्यांना, आणि ११ फेब्रुवारीला पत्नी विनींचा हात धरून तिथूनच चालत बाहेर आले. फाटकाबाहेर मूठ उंचावलेला पुतळा आहे. टॅक्सीने तासाभराचा रस्ता, आईला चढउतार नाही. भाडं बजेटला टेकतंय, पण लेकीने बाहेर येण्याचं विचारलंय, तर ते फाटकच दाखवते. येताना बाल्कनी.